पंजाची सूज उतरली म्हणजे औषध सापडलं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

औषधी वनस्पती आणि दुखणं-सूज या विषयावर जे प्रश्न आलेत त्यातले काही इथे घेतलेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात "टेस्ट झालेली आहे म्हणे" हे वाक्य आहेच. पण कुठली टेस्ट, कुणावर, कशाशी तुलना करून, हे फार कमी लोक विचारतात, आणि सगळी गोम तर तिथेच आहे, त्यामुळे उत्तरं जरा लांबलीत.

प्रश्न: एका वनस्पतीच्या पानांच्या अर्कावरचा पेपर वाचला. रॅटच्या, म्हणजे लॅबमधल्या मोठ्या जातीच्या उंदराच्या, पंजावरची सूज निम्म्याने कमी झाली असं लिहिलंय. मग हे सांधेदुखीवर सिद्ध झालं असं समजायचं ना?

नाही, एवढ्यावरून नाही समजायचं. आधी ती टेस्ट काय असते ते बघा. लाल समुद्री शेवाळापासून कॅराजीनन नावाचा पदार्थ काढतात, त्याचं १ टक्का द्रावण रॅटच्या मागच्या पायाच्या तळव्यात ०.१ मिली टोचतात, थोड्या वेळात पंजा फुगायला लागतो आणि मग प्लेथिस्मोमीटर नावाच्या यंत्रात पंजा बुडवून त्याचं आकारमान दर तासाला मोजत राहतात. विंटर, रिसली आणि नस या तिघांनी १९६२ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही सुजेवरच्या औषधाची पहिली चाचणी म्हटलं की बहुतेक लॅबमध्ये हीच होते. एका ग्रुपला नुसतं पाणी किंवा ज्यात अर्क कालवलाय ते माध्यम, एका ग्रुपला इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅकसारखं दुखणं-सूज कमी करणारं माहितीतलं औषध, आणि बाकीच्या ग्रुपना अर्काचे वेगवेगळे डोस. समजा नुसत्या माध्यमावाल्यांचा पंजा ०.८ मिलीने फुगला आणि अर्कवाल्यांचा ०.४ मिलीने, तर पेपरात "५० टक्के प्रतिबंध" असं छापून येतं.

आता ही सूज काही तासांची आहे, आणि माणसाचा गुडघा वर्षानुवर्षं झिजत, सुजत असतो. दोन्ही गोष्टी एक नाहीत. म्हणून पुढे कापसाची छोटी गोळी कातडीखाली ठेवून आठवडाभराने तिच्याभोवती किती पेशीजाल वाढलं ते तोलतात, किंवा फ्रॉइंड्स ॲडज्युव्हंट हे प्रतिकारशक्ती भडकवणारं मिश्रण देऊन काही आठवडे टिकणारा संधिवात निर्माण करतात. तुम्ही वाचलेल्या पेपरात यातलं काही आहे का ते बघा, नसेल तर तो अभ्यास पहिल्या चाळणीतून पार झालाय इतकंच म्हणता येतं.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सूज कोणत्या तासाला कमी झाली ते नक्की बघा. सूज शरीर स्वतः सोडत असलेल्या रसायनांमुळे येते: पहिल्या तास-दीड तासाची मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिनमुळे असते, मग ब्रॅडिकायनिन, आणि तिसऱ्या तासापासून पुढे प्रोस्टाग्लँडिनचा जोर. अर्काचा परिणाम फक्त पहिल्या तासात दिसला आणि नंतर गेला तर तो ॲलर्जीच्या गोळीसारखं काम करतोय अशी शंका घ्यायला जागा आहे, "डायक्लोफेनॅकसारखा" हा निष्कर्ष तिथे बसत नाही. आणि अर्क तोंडावाटे दिला की पोटात टोचला हेही वाचा, कारण कच्चा अर्क पोटाच्या पोकळीत टोचला की तिथे आग होते, आणि शरीरात एका ठिकाणी अशी आग सुरू झाली की दुसरीकडची सूज आपोआप कमी होऊ शकते, अर्कात औषधी गुण असो वा नसो. हा जुना, माहितीतला सापळा आहे. तरीही असे पेपर छापले जातात, आणि लोक विश्वासाने वाचतात याचं वाईट वाटतं.

प्रश्न: मी एम.फार्म. करतेय. माझ्या अर्काने ॲसिटिक ॲसिडच्या टेस्टमध्ये चांगला रिझल्ट दिला, पण हॉट प्लेटमध्ये काहीच फरक नाही. थिसिसमध्ये "पेरिफेरल वेदनाशामक" असं लिहू का?

लिहायची घाई करू नका. पेरिफेरल म्हणजे मेंदू-मज्जारज्जूवर नाही, तर दुखऱ्या जागीच काम करणारं. ॲसिटिक ॲसिडच्या टेस्टमध्ये साधारण ०.६ टक्के द्रावण छोट्या उंदराच्या (माउस) पोटात टोचतात आणि तो पोट आवळून मागचे पाय किती वेळा ताणतो ते मोजतात. टेस्ट स्वस्त आहे आणि संवेदनशीलही आहे, पण नको इतकी संवेदनशील आहे. ॲलर्जीची औषधं, स्नायू सैल करणारी औषधं, गुंगी आणणारी औषधं, सगळी इथे "पास" होतात. उंदीर सुस्त पडला तर पाय ताणणार नाहीच, त्याला वेदना कमी झाली असं त्यातून कसं म्हणायचं?

म्हणून पहिलं काम म्हणजे रोटारॉड. फिरत्या दांड्यावर तुमचा अर्क दिलेला उंदीर नेहमीसारखा तोल सांभाळतोय का ते त्याच डोसला बघा. तो पडत असेल तर वेदनेच्या सगळ्याच रिझल्टकडे पुन्हा बघावं लागेल. तोल ठीक असेल तर फॉर्मॅलिन टेस्ट करा, ती मला या सगळ्यांत जास्त बोलकी वाटते. डुबुइसाँ आणि डेनिस यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे, पंजात पातळ फॉर्मॅलिन टोचलं की प्राणी पहिली पाचेक मिनिटं पंजा चाटतो, मग थोडा वेळ शांत होतो आणि १५ मिनिटांच्या आसपास पुन्हा चाटायला लागतो. पहिला टप्पा मज्जातंतू थेट डिवचले गेल्याचा, दुसरा प्रामुख्याने सुजेचा. मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबतं, डायक्लोफेनॅकच्या जातीची औषधं मुख्यतः दुसरा. तुमच्या अर्काने फक्त दुसरा टप्पा दाबला आणि रोटारॉडही स्वच्छ आला, तर "पेरिफेरल"कडे जायला तुमच्या हातात काहीतरी ठोस आहे.

हॉट प्लेटचं म्हणाल तर ५५ अंशांच्या आसपास तापवलेल्या प्लेटवर प्राणी पाय चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद घेतो ते त्यात मोजतात, आणि ती मॉर्फिनसारख्या मेंदू-मज्जारज्जूवर काम करणाऱ्या औषधांना चांगली पकडते. तिथे काहीच न येणं ही सुद्धा माहितीच आहे, ती लपवू नका, थिसिसमध्ये नीट मांडा. फक्त कट-ऑफ टाइम पाळा, ठरलेल्या सेकंदांनंतर प्राणी काढलाच पाहिजे, नाहीतर पाय भाजतो, आणि भाजलेल्या पायाचं रीडिंग शास्त्राच्याही उपयोगाचं नाही आणि त्या जिवाचे हाल होतात ते वेगळेच. पुढे कधी हॉट प्लेटमध्ये परिणाम दिसला तर नॅलॉक्सोन हे मॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन तो पुसला जातो का तेही बघा, पुसला गेला तर ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखा, मार्ग असण्याची शक्यता.

आणि हो, अर्क कशात विरघळवलाय? डीएमएसओ हे द्रावक वापरलं असेल तर त्याला स्वतःलाच वेदना-सूज कमी करण्याचा गुण आहे, म्हणजे कंट्रोल ग्रुपला, ज्याला अर्क देत नाही त्याला, नुसतं सलाइन देऊन चालणार नाही, तेवढंच डीएमएसओ द्यावं लागेल. रीडिंग घेणाऱ्याला कोणता पिंजरा कोणत्या ग्रुपचा हे कळता कामा नये, पाय ताणल्याचे आकडे डोळ्यांनी मोजायचे असतात आणि मनात आशा असली की डोळे तिच्या बाजूने मोजतात. ग्रुपमध्ये किती प्राणी घ्यायचे ते "सगळे सहा घेतात" म्हणून ठरवू नका, आधी स्टॅटिस्टिक्सवाल्या माणसाकडे बसून हिशोब करा.

प्रश्न: प्राण्यांना त्रास न देता हे सगळं करता येत नाही का?

बरंच काही करता येतं आणि आधी तेच करायला हवं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच सांगितलं होतं की शक्य तिथे प्राणी टाळा, टाळता येत नसतील तर कमी वापरा, आणि वापराल तेव्हा त्यांचा त्रास कमीत कमी ठेवा. प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या कॉक्स एन्झाइमला अर्क किती अडवतो हे नळीत मोजता येतं, मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी वाढवून त्यांना बॅक्टेरियाच्या आवरणातला एलपीएस देऊन त्या सुजेत वाढणारं नायट्रिक ऑक्साइड किती सोडतात हे बघता येतं. मात्र तिथे पेशी जिवंत आहेत ना हे सोबत तपासावंच लागतं, मेलेली पेशी काहीच सोडत नाही आणि मग विषारी अर्क फार गुणकारी दिसतो.

अंड्यातल्या पांढऱ्या भागाचं किंवा अल्ब्युमिनचं द्रावण तापवून ते गढूळ होणं अर्काने किती रोखलं, या टेस्टवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. एकतर अर्काचा स्वतःचा रंग रीडिंग बिघडवतो, आणि प्रोटीनला चिकटणारी टॅनिन नावाची तुरट द्रव्यं तर कितीतरी झाडांत असतात. तेवढ्या एका टेस्टवर "सूज कमी करणारं औषध" म्हणणं मला पटत नाही. पण हेही खरं की अर्क पोटातून रक्तात किती जातो, लिव्हर त्याचं काय करतं, दुखण्याची जाणीव बदलते का, हे नळीत अजून तरी पूर्ण कळत नाही.

प्रश्न: पेपरात डोस ४०० मिग्रॅ प्रति किलो दिलाय. माझं वजन ६० किलो, म्हणजे मी २४ ग्रॅम घ्यायचं का?

कृपा करून असा हिशोब करून काही घेऊ नका. रॅटचा डोस माणसाकडे आणताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशोब धरतात, ढोबळमानाने रॅटच्या डोसला ६.२ ने आणि छोट्या उंदराच्या डोसला १२.३ ने भागतात. ४०० भागिले ६.२ म्हणजे साधारण ६५, गुणिले ६० किलो, म्हणजे ३.९ ग्रॅमच्या आसपास. पण हा झाला सुक्या अर्काचा डोस, पानांचा नाही. १०० ग्रॅम वाळलेल्या पानांतून १० ग्रॅम अर्क निघत असेल तर एका वेळेला ३९ ग्रॅम वाळलेली पानं लागतील. कोण खाईल एवढी? शिवाय पेपरातला अर्क मिथेनॉलमध्ये काढलेला असेल आणि तुम्ही पाण्यात काढा करणार असाल तर आत उतरणारी द्रव्यंच वेगळी. हा हिशोब माणसांवरची पहिली ट्रायल आखणाऱ्यांसाठी असतो आणि तेही त्यावर आणखी सुरक्षिततेचा भाग ठेवून बरंच खाली सुरू करतात.

हळदीतलं कुरकुमिन हे याचं चांगलं उदाहरण आहे. नळीत ते जवळजवळ प्रत्येक टेस्टमध्ये झळकतं, पण तोंडावाटे घेतलं की रक्तात फारच थोडं पोचतं. १९९८ मध्ये निरोगी माणसांना २ ग्रॅम कुरकुमिनसोबत २० मिग्रॅ पायपरिन, म्हणजे मिरीतलं द्रव्य, दिल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढलेलं दिसलं. पण तेच पायपरिन फेनिटॉइनसारख्या इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून फिट्सच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी अशा कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

प्रश्न: शेकडो वर्षं लोक वापरतायत, अजून काय टेस्ट करायचं?

वापरात आहे म्हणून तर टेस्ट करण्यासारखं आहे. मिरचीने आग होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यातलं कॅप्सेसिन मज्जातंतूवरच्या कोणत्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) डिवचतं हे डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधलं, त्या कामाला २०२१ चं नोबेल मिळालं, आणि आज मज्जातंतूच्या दुखण्यावर ८ टक्के कॅप्सेसिनचा पॅच वापरला जातो.

पण जुन्या वापरातून दोन गोष्टी सहज कळत नाहीत. एक म्हणजे हळूहळू होणारं नुकसान. दुसरी म्हणजे हातातली वनस्पती तीच आहे का. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमाराला वजन कमी करायच्या गोळ्यांत स्टिफानिया टेट्रान्ड्रा ही चिनी वनस्पती घालायची होती, जी तिकडे सांधेदुखी आणि सुजेवरही देतात, तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची गेली, आणि कितीतरी स्त्रियांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. म्हणून कुठल्याही पेपरात मी आधी बघते की वनस्पती कुणी ओळखली आणि तिचा नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवलाय का. ही ओळ नसेल तर पुढचे आकडे कशाचे आहेत तेच कळत नाही.

प्रश्न: माणसांवर टेस्ट झालेलं काही आहे की नाही?

आहे. शल्लकीच्या डिंकावर गुडघेदुखीसाठी माणसांवर ट्रायल झाल्यात. २००३ मध्ये छापलेल्या एका ट्रायलमध्ये ३० रुग्णांना आठ आठवडे शल्लकी किंवा प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) देऊन मग अदलाबदल केली आणि शल्लकीवर दुखणं आणि सूज कमी झालेली आढळली. रुग्ण थोडे आहेत, पण पद्धत योग्य आहे. वेदनेच्या ट्रायलमध्ये प्लासिबो नसेल तर मी तो निकाल बाजूला ठेवते, कारण दुखणं आपोआप कमी-जास्त होत असतं, माणूस ते फार वाढल्यावरच डॉक्टरकडे येतो आणि काहीही दिलं तरी पुढच्या भेटीत बऱ्याच जणांना बरं वाटतं.

प्रश्न: सांधेदुखीची एक "शंभर टक्के नैसर्गिक" पावडर वडील घेतायत. दोन दिवसांत चालायला लागले. चालू ठेवू का?

दोन दिवसांत एवढा फरक पडला म्हणूनच मला काळजी वाटते. अशा पावडरींत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक लपवून मिसळल्याचं अनेक देशांत पुन्हा पुन्हा सापडलंय. तुमच्या पावडरीत आहेच असं मी म्हणत नाही, पण चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसणं, वजन वाढणं, शुगर किंवा बीपी चढणं, काळी शी होणं, यातलं काही असेल तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका, काळी शी असेल तर त्याच दिवशी दाखवा. पावडर बरेच दिवस चालू असेल तर ती स्वतःहून एकदम बंदही करू नका. आत खरंच स्टेरॉइड असेल तर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं आणि अचानक बंद केल्यावर माणूस गळून पडू शकतो, म्हणून कमी कसं करायचं ते डॉक्टरने ठरवायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही आवर्जून सांगा. जाताना डबा आणि उरलेली पावडर सोबत न्या, रिकामा झालेला डबा असेल तर तोही, एचपीटीएलसीसारख्या, मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या लॅब तपासणीत त्यात काय मिसळलंय ते शोधता येतं.