कोळसा तोच, मग माझा सुपरकपॅसिटर एका व्होल्टला का अडतो?

तुमचा प्रश्न असा: सक्रिय कोळसा आणि मिठाचं पाणी वापरून घरी केलेला सुपरकपॅसिटर (वीज झटपट साठवणारं आणि सोडणारं उपकरण) एका व्होल्टच्या वर नेला की बुडबुडे येतात. बाजारातल्या सेलमध्येही कोळसाच असतो, तरी तो 2.7 व्होल्ट कसा घेतो?

कारण फरक कोळशात नाहीच, इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे आतल्या वीजवाहक द्रावणात, आहे. 1.23 व्होल्टच्या पुढे पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला लागतं. तुमचे बुडबुडे त्यातलेच, आणि त्यात मीठ असल्यामुळे धन बाजूला क्लोरीनही सुटतो. नाक जवळ नेलंत तर पोहण्याच्या तलावासारखा वास येईल (नेऊ नका, खिडकी उघडा). बाजारातल्या सेलमधून पाणी शेवटच्या अंशापर्यंत काढून टाकलेलं असतं. त्यात बहुधा अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक आणि एक अमोनियम क्षार असतो, म्हणून तो 2.7 व्होल्ट सोसतो. साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 2.7 चा वर्ग 7.29, म्हणजे फॅरड (धारकतेचं, म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेचं, एकक) तेवढेच असले तरी एका व्होल्टच्या सातपट ऊर्जा.

प्रत्यक्षात फॅरड तेवढे राहत नाहीत. त्या अमोनियम क्षाराचे आयन (विद्युतभारित कण) मोठे, शिवाय द्रावकाचे रेणू अंगाभोवती गुंडाळलेले, त्यामुळे कोळशाच्या बारीक छिद्रांत ते सहज मावत नाहीत. निदान तसं मानलं जायचं. 2006 मध्ये गोगोत्सी आणि सिमों या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवलं की एक नॅनोमीटरहून लहान छिद्रांत धारकता उलट वाढते, कारण आयन ते पांघरूण बाहेर टाकून आत शिरतो. मला या विषयातला हा सगळ्यात सुंदर शोध वाटतो.

पाण्याची बाजू वाहकतेत भक्कम आहे. 6 मोलर (म्हणजे चांगल्या तीव्र) पोटॅशियम हायड्रॉक्साइडची वाहकता या सेंद्रिय द्रावणाच्या साधारण दहापट असते. म्हणून आतला रोध कमी, आणि झटक्यात मोठा करंट मिळतो. पण पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अ‍ॅल्युमिनियमची फॉइल कधीही वापरू नका. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी ती लावली आणि सकाळी पाहिलं तर फॉइलची चाळणी झाली होती. दोन दिवस मी कोळशालाच दोष देत होतो.

तुम्ही मिठाऐवजी सोडियम सल्फेट घ्या आणि जोडणीसाठी ग्रॅफाइट. उदासीन द्रावणात ऋण बाजूच्या छिद्रांत हायड्रॉक्साइड साचतं, तिथला सामू (pH) चढतो आणि हायड्रोजन सुटणं पुढे ढकललं जातं. त्यामुळे दीड व्होल्टच्या आसपास जाता येतं. अ‍ॅसिटोनायट्राइलच्या वाटेला घरी जाऊ नका, ते ज्वलनशील आणि विषारी आहे.

मग सेल 1.4 व्होल्टला धरून ठेवा आणि मीटरवर करंट बघत राहा. तो हळूहळू उतरत गेला तर ठीक. एका आकड्यावर अडून बसला तर आत काहीतरी फुटतंय, व्होल्टेज 0.1 ने खाली आणा आणि पुन्हा बघा.