तलावातली जलपर्णी: फवारू नका, पाऊस पडायच्या आत उपटा

प्रश्न: गावतलावाच्या एका कडेला जलपर्णी पसरली आहे. पंपाचा फूटव्हॉल्व्ह सारखा तुंबतो. तणनाशक मारावं का? काढलेल्या जलपर्णीचं खत होईल का? याच पाण्यात थाई मागूर मासा सोडला तर चालेल का?

उत्तर: तणनाशक अजिबात नको. हे पाणी जनावरं पितात, यावरच ठिबक चालतं. टू-फोर-डी या तणनाशकाचा तुषार वाऱ्यानं शेजारच्या कपाशीवर गेला, तर पानं भेंडीच्या पानासारखी निमुळती होतात आणि पातं (कळी) गळतं. शिवाय एकदम मेलेली जलपर्णी पाण्यातच कुजते, प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

ऊन आणि सांडपाणी मिळालं की ती साधारण 2 आठवड्यांत दुप्पट होते. आज अर्धा गुंठा सोडला तर 2 महिन्यांत 8 गुंठे. म्हणून पाणी आटलेलं असतानाच काढा. वारा तिला ज्या काठाला ढकलतो तिथं बांबू नायलॉन दोरीनं बांधून तरंगता अडसर करा, म्हणजे तुटलेले तुकडे पुन्हा पसरणार नाहीत. दाताळ्यानं काठाकडे ओढा आणि काळ्या, झुपकेदार मुळांसकट उचला. देठाचा फुगीर भाग नुसता कापून भागत नाही. धुमारा राहिला की नवं रोप येतं. सांडपाण्याचा नाला तलावात उतरत असेल तर आधी ग्रामपंचायतीकडून तो वळवून घ्या, नाहीतर दरवर्षी हेच काम.

खत होतं, पण जांभळी फुलं येण्याआधी काढलेल्याचंच. बी गाळात 20 वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं, त्यामुळे त्या कोपऱ्यातला गाळ शेततळ्याच्या बांधावर टाकू नका. जलपर्णीत पाणीच 90 टक्क्यांहून जास्त, म्हणून काठापासून दूर 3-4 दिवस सुकवा, बारीक तोडा. मग अर्धा फूट थर, त्यावर शेणकाला, असे थर रचा. महिन्याला एकदा पालटा. 3 महिन्यांत खत तयार. कारखान्याचं पाणी येणाऱ्या जागेची जलपर्णी मात्र खताला नको, तिच्यात जड धातू साठतात.

थाई मागूर नकोच. हा मूळचा आफ्रिकेतला, देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरकत शेजारच्या ओढ्यात जातो, दुसऱ्या माशांची पिल्लं खातो. कटला, रोहू, मृगळच सोडा. गवत्या मासा (ग्रास कार्प) जलपर्णी संपवेल ही आशाही धरू नका; तो मऊ पाणवनस्पतींवरच जातो.

पाऊस पडून पाणी चढलं की काठाच्या चिखलात बियांची बोटभर रोपं दिसतील. दर आठवड्याला फेरी मारून तेवढीच हातानं उपटत राहा.