भोपळ्याच्या फुलांची भजी पहिल्यांदा करताय?

नरफुलंच खुडा. देठ लांब, सडपातळ आणि बुडाशी फुगीर गाठ नाही, ते नर. गाठवाली मादी म्हणजे पुढचा भोपळा, तिला राहू द्या; परागीभवनासाठी दोन-चार नरही वेलावर ठेवा. सकाळी उमललेली असतानाच तोडा, दुपारपर्यंत मिटतात आणि किडे आत अडकतात. मधला केसराचा दांडा काढा. पाण्यात नुसती बुडवून कापडावर पूर्ण कोरडी करा. ओल राहिली की पीठ सुटतं, तेल उडतं. पीठ पातळच, पाकळीची शीर दिसेल इतकं.

पिवळ्या रंगात कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात, थोड्या तेलात परतल्यावर ती जास्त अंगी लागतात. तळणीला मात्र औषध म्हणू नका! घास कडूजहर लागला तर थुंका. बटाटा, टोमॅटोच्या फुलांच्या वाटेला जाऊ नका. त्यांत अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं असतात.