भावाला स्किझोफ्रेनिया आहे, मग लग्नाआधी जनुकचाचणी करावी का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया, तुमचं वय ३२, लग्न ठरतंय. ‘हा आजार ८० टक्के आनुवंशिक आहे’ असं वाचून तुम्ही घरबसल्या लाळ पाठवून होणारी जनुकचाचणी करायच्या विचारात आहात. त्यात आई स्वतःलाच दोष देते आहे. चाचणीबद्दल आधी सांगतो: करू नका. माझ्या थोरल्या बहिणीला हा आजार होऊन बावीस वर्षं झाली. तुमच्यासारखाच मीही घाबरलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

८० टक्के म्हणजे तुम्हाला आजार होण्याची शक्यता नव्हे. लोकांमध्ये काहींना हा आजार होतो, काहींना होत नाही; या फरकामागे जनुकांमधल्या फरकाचा वाटा किती, याचा तो अंदाज आहे. तो समूहाला लागू पडतो, एकट्या माणसाला नाही. तुमच्या कामाचे आकडे वेगळे आहेत. कुणालाही आयुष्यात स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता साधारण १ टक्का. सख्ख्या भावंडाला असेल तर ९ टक्क्यांच्या आसपास. काका किंवा मामाला असेल, म्हणजे तुमच्या होणाऱ्या मुलाच्या बाबतीत, ३ ते ४ टक्के. हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच, तरी एकाला आजार असताना दुसऱ्याला तो होतोच असं नाही. निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. शिवाय आजार बहुधा विशीत, फार तर तिशीच्या सुरुवातीला डोकं वर काढतो. तुमच्या वाट्याच्या ९ टक्क्यांपैकी बराच भाग केव्हाच मागे पडला आहे.

मग चाचणी का नको? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ७६ हजारांहून अधिक रुग्णांची जनुकं तपासली गेली. आजाराशी संबंध असलेल्या २८७ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम इतका बारीक की असे सगळे बारीक परिणाम एकत्र करून धोक्याचे गुण (स्कोअर) काढले, तरी रुग्ण आणि निरोगी यांच्यातल्या फरकाचा जेमतेम ७ टक्के उलगडा होतो. त्यातही अभ्यासलेले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे, त्यामुळे इतरांसाठी ते गुण आणखी कच्चे. आणि अहवालात एखाददुसऱ्या जनुकाचं नाव ठळक छापलेलं दिसलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित एका जनुकावरून नैराश्याचा धोका कळतो, असं २००३ मध्ये जाहीर झालं आणि त्यावर वर्षानुवर्षं संशोधन चाललं. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर पडताळलं, तेव्हा अशी गाजलेली १८ जनुकं कुठल्याही सोम्यागोम्या जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत.

म्हणून हे संशोधन वाया गेलं असं मात्र मुळीच नाही. ते भविष्य सांगण्यासाठी नाहीच. मेंदूत नेमकं काय बिघडतं हे शोधण्यासाठी आहे. मला सगळ्यात आशा देणारा शोध २०१६ चा. सहाव्या गुणसूत्रावरच्या एका भागाकडे सतत बोट दाखवलं जात होतं, पण तो भाग तर रोगप्रतिकारशक्तीचा! तिथे सी-४ नावाचं जनुक निघालं. त्याचं प्रथिन एरवी जंतूंवर खूण करतं. मेंदूत तेच प्रथिन चेतापेशींमधल्या जोडांवर खूण करतं, आणि मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ते जोड खाऊन टाकतात. किशोरवयात ही छाटणी सगळ्यांच्याच मेंदूत होते. ती प्रमाणाबाहेर झाली तर? आजार याच वयाच्या आगेमागे का सुरू होतो, याचा हा पहिला ठोस धागा होता. तरीही सी-४ चं सर्वांत धोक्याचं रूप असलेल्या माणसाचा धोका १ टक्क्यावरून सव्वा टक्क्याच्या थोडा वर जातो, इतकंच.

एक अपवाद आहे. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडाच नसेल, तर साधारण चौघांतल्या एकाला स्किझोफ्रेनिया होतो. भावाला जन्मजात हृदयदोष, टाळूतला दोष किंवा लहानपणापासून शिकण्यात अडचण असेल, तर त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना हे विचारा. चाचणी करायचीच झाली तर आधी भावाची, आणि जनुकीय समुपदेशकाशी बोलून.

आता आईबद्दल. आईच्या वागण्यामुळे स्किझोफ्रेनिया होतो, असं एके काळी डॉक्टरच सांगत. माझ्या आईनेही ते ऐकून घेतलं आहे. १९६६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ लेनर्ड हेस्टन यांनी हा आजार असलेल्या मातांची ४७ मुलं तपासली. जन्मल्यावर काही दिवसांतच ती आईपासून दूर गेली होती. तरीही त्यांतल्या ५ जणांना आजार झाला. तशीच दुरावलेली, पण निरोगी आयांची जी ५० मुलं होती, त्यांत एकालाही नाही. म्हणजे संगोपन हे कारण नव्हतं. यावर आई म्हणेल, ‘मग माझ्या रक्तातूनच आलं ना?’ त्यांना सांगा, धोका किंचित वाढवणारे असे शेकडो बदल तुमच्या-माझ्यासकट प्रत्येकात थोडेथोडे असतात. ते आई आणि वडील दोघांकडून येतात, आणि कुठले द्यायचे हे कुणाच्या हातात नसतं.

होणाऱ्या जोडीदाराला भावाच्या आजाराबद्दल लग्नाआधी मोकळेपणाने सांगा, हे ३-४ टक्क्यांचे आकडेही दाखवा. भावाला इतर काही शारीरिक तक्रारी लहानपणापासून असतील तर इथेच लिहा, डॉक्टरांना काय विचारायचं ते मिळून ठरवू.