नवरा गेल्यावर पेन्शन, घर आणि मुलं हे सगळं एकटीनं कसं सांभाळायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमानांना जाऊन पाच महिने झाले, ते सरकारी नोकरीतून निवृत्त होते, बँकेचं सगळं तेच बघायचे आणि आता मुलगा म्हणतोय की घर विकून पुण्याला ये. मी साताऱ्याची, वय 67. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ऑक्टोबर 2023 मध्ये गेले, वयाच्या 71 व्या वर्षी. तेव्हा मला एटीएममधून पैसेसुद्धा काढता येत नव्हते. कार्ड माझ्या नावाचं होतं, पिन यांना पाठ होता.

दहाव्याच्या दिवशी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "वर्षश्राद्ध होईपर्यंत घराच्या, पैशाच्या कुठल्याही नव्या कागदावर सही करायची नाही. कुणी काही मागितलं तर 'वर्ष सरू दे' म्हणायचं." वर्षाच्या आत शुभकार्य करत नाहीत, तसंच हे. यावर कुणी वाद घालत नाही. पोटच्या मुलाला तोंडावर 'नाही' म्हणणं मला जमलं नसतं, 'वर्ष सरू दे' जमलं. तेराव्यानंतर आठवडाभरात एक ओळखीचा मुलगा विमा पॉलिसी घेऊन आला. "काकी, काकांचे पैसे खात्यात नुसते पडून आहेत," म्हणाला. चहा पाजून परत पाठवला. तुम्ही अशा कशावर सही करून बसला असाल तर घाबरू नका. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

पेन्शनचं मात्र वर्षभर थांबवायचं नसतं. इथे मी चुकले. पेन्शन देणाऱ्या सरकारी कोषागाराला आणि बँकेला कळवायला उशीर केला, दोन महिने यांचीच पेन्शन जमा होत राहिली, मी खर्च केली आणि पुढे ती माझ्या रकमेतून कापून घेतली गेली. मृत्यूचा दाखला आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, घेऊन कोषागारात जा. दाखल्याच्या दहा प्रती एकदमच काढून ठेवा, सगळे मागतात. पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते, नवऱ्यामागे बायकोला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन त्याच पगाराच्या 30 टक्के. म्हणजे यांना शंभर मिळत होते तिथे मला साठ, वर महागाई भत्ता. निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत माणूस गेला तर काही काळ वाढीव दरानं मिळतं, तेवढं तिथे विचारून घ्या. दर नोव्हेंबरला हयातीची सही आता तुमची तुम्हाला करायची आहे.

शंभराचे साठ झाले तरी खर्चाचे साठ होत नाहीत. लाइट बिल, घरपट्टी, भांडीवाली, सगळं तेच राहिलं. कमी झालं ते फक्त खाणं, आणि तेही मला लवकर करवलं नाही. आमच्याकडे रोज एक लिटर दूध यायचं. दूधवाल्याला 'उद्यापासून अर्धा' एवढंच सांगायचं होतं, पण तो सायकलवरून उतरला की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. तीन महिने लिटरच घेत राहिले. दही लावलं, खवा आटवला, शेजारी वाटलं. शेवटी एका सकाळी त्यानंच न विचारता अर्धा लिटर मापून दिलं आणि खाली बघत निघून गेला.

आणखी एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. मुलीनं चांगल्या मनानं यांचं सिम महिन्याभरात बंद केलं, उगाच रिचार्ज कशाला म्हणून. आणि सगळीकडचे ओटीपी त्याच नंबरवर! गॅस, लाइट बिल, पोस्ट, सगळीकडे नंबर बदलायला अर्ज करत फिरले. सहा-आठ महिने तो फोन चार्ज करून घरातच ठेवा. मधूनमधून एखाद्या ठेवीची मुदत संपल्याचा मेसेजही येतो, तेव्हा कळतं की अशीही एक ठेव होती.

बँकेतली आमची खाती दोघांच्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' अशी होती, म्हणजे दोघांतलं कुणीही किंवा मागे राहील ते चालवेल, ती सहज माझ्याकडे आली. जीव टांगणीला लागला तो एका पतसंस्थेतल्या तीन लाखांसाठी. अर्धा टक्का जास्त व्याज म्हणून यांनी तिथे ठेवले होते. बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका माणसामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो, हे मला तेव्हा समजलं. खेपा घालून हप्त्याहप्त्यानं पैसे सोडवले. व्यवहार चोख म्हणून यांची ख्याती होती, म्हणून जरा रागही आला. फोटोसमोर उभी राहून बोलूनही घेतलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर दहा लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातले. तेव्हा दर 8.2 टक्के होता, दर तिमाहीला 20,500 येतात. नऊ लाख मासिक उत्पन्न योजनेत, त्याचे महिन्याला 5,550. दवाखान्यासाठी थोडी रक्कम बँकेतच, लगेच मोडता येईल अशी. यापेक्षा जास्त व्याज देणारं कुणी भेटलं की मी पदर सावरून उठते.

आता मुलगा. त्याला पुण्यात मोठा फ्लॅट घ्यायचा होता, आठ लाख हवे होते. मी दोन दिले, आणि मुलीला फोन करून सांगितलं की दादाला दोन दिलेत, यांच्याच डायरीत लिहून ठेवलेत. मुलगा दोन महिने नीट बोलत नव्हता. पण एकाला गुपचूप दिले असते तर दोघं एकमेकांशी बोलायचे थांबले असते. दिवाळीला आला तेव्हा आपणहून गच्चीची गळती बघायला वर चढला.

घराचं नीट समजून घ्या. घर यजमानांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर ते आपोआप तुमचं होत नाही. तुम्ही आणि प्रत्येक मूल यांचा सारखा वाटा, सासूबाई असतील तर त्यांचाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्यामुळे मुलगा 'विकू या' म्हणतो तेव्हा मुलीचीही सही लागणार, ते आधी तिच्याशी बोला. आमच्या मुलांनी माझ्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून दिलं. त्यानंतर मी मृत्युपत्र केलं. दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्पपेपर लागत नाही. बक्षीसपत्रानं हयातीतच घर देऊन टाकायला मात्र मी तयार झाले नाही. मुलगा चांगला आहे, पण माझ्या किल्लीला जागा माझ्याच कमरेला.

पुण्याला मी दोन महिने राहून आले. अकरावा मजला, नात शाळेत, ते दोघं कामावर, मी आणि टीव्ही. इथे मंगळवारचं भजन असतं, बँकेतली पोरगी नावानं ओळखते. परत निघाले तर मुलाचा चेहरा पडला. सूनबाई म्हणाली, "आई तिकडे आहेत म्हणून आपल्याला जायला गाव आहे." तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती, खरं सांगते. आता मीच जाऊन-येऊन असते, बायकांना एसटीचं तिकीट अर्धंच आहे. पंच्याहत्तरीनंतर प्रवास फुकट, म्हणून हे 75 ची वाट बघत होते. अष्टविनायकाचा बेत कागदावर लिहूनसुद्धा ठेवला होता.

तेव्हा तुम्हीही आधी राहून बघा, विकण्याचं नंतर. आणि पीपीओ सापडत नाही म्हणालात, तर कपाट उपसण्याआधी देवघर बघा. आमचा देव्हाऱ्याखालच्या खणात, जुन्या पंचांगात घडी घालून ठेवलेला होता.