तुमचे प्रश्न : ही गाडी येतेय की जातेय?

प्रश्न : सध्या मुलाकडे शिकागोला आलोय. मागच्या रविवारी साउथ बेंडला स्टुडबेकर या जुन्या अमेरिकन गाडी कंपनीचं म्युझियम बघितलं. घोडागाड्या आणि मोटारी एकाच छताखाली! एका गाडीच्या नाकावर तर विमानासारखा टोकदार शंकू होता. एवढी मोठी कंपनी बुडाली कशी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काका, नाकवाली म्हणजे १९५० किंवा ५१चीच, कारण ती बुलेट नोज दोनच वर्षं होती. त्याआधी १९४७ला त्यांची स्टारलाइट कूपे (म्हणजे दोन दारांची गाडी) आली, तिची मागची काच इतकी गोल फिरवून पुढे आणलेली की लोक चेष्टा करायचे, ही येतेय का जातेय तेच कळत नाही. मला विचाराल तर अजून चांगली दिसते.

घोडागाड्यांचं म्हणाल तर धंदा मुळात तोच. १८५२ला भावाभावांनी साउथ बेंडला लोहारकामाचं दुकान टाकलं, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला वॅगन (मालवाहू घोडागाड्या) पुरवल्या, १९०२ला पहिली मोटार काढली आणि ती चक्क इलेक्ट्रिक, पेट्रोलवाली दोन वर्षांनी! (आज ईव्हीला नवीन म्हणणाऱ्यांना हे सांगा जरा.)

आता बुडाली कशी. १९५३ची कूपे अप्रतिम होती, पण कंपनीचा अंदाज असा की लोक चार दारांची सेडानच घेणार, आणि झालं उलटं, सगळे कूपे मागायला लागले. बरं दोन्हींचे पत्रे वेगळे, त्यामुळे लगेच कारखाना फिरवता येईना. त्यात फोर्ड आणि शेवरलेचं दरयुद्ध पेटलेलं, त्यात लहान कंपनी चिरडलीच. १९५४ला पॅकार्ड ही दुसरी मोटार कंपनी आणि स्टुडबेकर एकत्र आले, म्हणजे बुडत्याने बुडत्याचा हात धरला, आणि १९५८ला पॅकार्ड नावच संपलं. १९५९च्या लार्क या छोट्या गाडीने थोडा श्वास दिला, पण डिसेंबर १९६३ला साउथ बेंडच्या कारखान्याची लाइन थांबली, कॅनडातल्या हॅमिल्टनला मार्च १९६६पर्यंत चालली आणि मग खलास.

मला गाड्यांपेक्षा कामगारांचं जास्त लागतं. पेन्शन फंडात पैसेच पुरेसे नव्हते, सुमारे ४,००० जणांना हक्काच्या रकमेतले जेमतेम १५ टक्के मिळाले, कित्येकांना तर काहीच नाही. तो गाजावाजा इतका झाला की १९७४ला अमेरिकेत पेन्शनच्या संरक्षणाचा कायदा आला.

प्रश्न : आजोबा म्हणतात त्यांची डिसोटो गाडी कुर्ल्यात बनलेली. खरंच? (एक वाचक, सातारा)

उत्तर : खरंच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या गाड्या जोडल्या जायच्या, डॉज, प्लिमथ, डिसोटो तिन्ही. आजोबांची डिसोटो डिप्लोमॅट मॉडेलची असेल तर ती आतून प्लिमथच, तोंड तेवढं डिसोटोचं, त्यामुळे प्लिमथवाल्या शेजाऱ्याशी भांडले असतील तर उगाच भांडले! अमेरिकेत १९६१चं मॉडेल बाजारात येऊन जेमतेम दीड महिना झाला आणि नोव्हेंबर १९६०मध्ये डिसोटो बंद, प्लिमथ मात्र २००१पर्यंत टिकली. आजोबांकडे गाडीची कागदपत्रं असतील तर फोटो काढून पाठवा, मॉडेल कुठलं ते बघून सांगतो.