केनियात तीन महिने शिकवायला जातेय. पोचल्यावर पहिले दिवस कसे काढू?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे. त्यातलं मला कळलं ते असं: तुम्ही डोंबिवलीच्या, वय चोवीस, पहिल्यांदाच परदेशी निघालात. व्हिक्टोरिया सरोवराकडच्या एका शाळेत तीन महिने बिनपगारी शिकवायचंय आणि मधल्या एजन्सीने बजावलंय की इमिग्रेशनला "फिरायला आले" एवढंच सांगा. शेवटी सोबत काय न्यावं आणि शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं, हेही विचारलंय.

मी 2019 मध्ये त्याच सरोवराकाठच्या किसुमू शहराजवळच्या एका खेड्यात याच कामाला गेले होते. परळच्या शाळेत गणित शिकवते, रजा टाकून गेले होते.

आधी एजन्सीचं. त्यांचं ऐकू नका. मलाही तेच सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. नैरोबीला काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुठे फिरणार? म्हटलं, किसुमू. "तीन महिने किसुमूत काय बघणार?" मला पुढे एक शब्द सुचेना. गणिताची शिक्षिका आणि साधं खोटं जुळवता येईना! त्यांनी एका महिन्याचा शिक्का मारून सोडलं. पुढे शाळेच्या मुख्याध्यापकांचे चार दिवस माझ्या कागदांमागे गेले. म्हणजे त्यांच्या शाळेला हातभार लावायला मी गेले होते आणि पहिल्याच आठवड्यात शाळेचा माणूस माझ्या कामाला जुंपला.

नियम सरळ आहे. केनियात पगार नसलेल्या कामालाही परवाना लागतो. धर्मादाय कामासाठी क्लास आय नावाचा परवाना असतो, थोड्या मुदतीसाठी स्पेशल पास. त्यासाठीचा अर्ज तिथल्या यजमान संस्थेने करायचा असतो. एजन्सीला सोडा, थेट शाळेला किंवा संस्थेला मेल करून विचारा की माझा पास कोण काढतंय. उत्तर गुळमुळीत आलं तर तिकीट काढू नका. माझ्या वेळी ई-व्हिसा होता. जानेवारी 2024 पासून तो जाऊन ईटीए आलाय, तो निघण्याच्या किमान 72 तास आधी भरायचा. पण ईटीए म्हणजे देशात शिरायची परवानगी, काम करायची नव्हे.

दुसरा कागद पिवळ्या तापाच्या लशीचा. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात. निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ केलीत तर फसाल. खरी कसोटी जाताना नसते, येताना असते. केनियातून सहारला उतरताना ती पिवळी पुस्तिका नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, आई-बाबा बाहेर फुलं घेऊन उभे असले तरी. एकदा घेतली की जन्मभर चालते, म्हणून पुस्तिका पासपोर्टलाच अडकवून ठेवा.

मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. "मुंबईत काय कमी मलेरिया आहे" असं घरचे म्हणतील. मुंबईत बहुतेकदा होतो तो व्हायव्हॅक्स प्रकारचा. तिथला फाल्सिपेरम, तो थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आणि सरोवर कितीही शांत दिसलं तरी पाण्यात उतरू नका. गोगलगाईंमधून येणारा बिल्हार्झिया नावाचा आजार त्या पाण्यात आहे. माझ्याबरोबरची एक मुलगी पोहली, नंतर महिनाभर तपासण्या करत होती.

आता बॅग. माझ्या आईने मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी, लाडू असं सगळं धुऊन ठेवलेल्या कॅरीबॅगांमध्ये गाठी मारून भरलं होतं. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, आणि ती आपल्यासारखी भाजीवाल्यापुरती नाही. कायद्यात चार वर्षांपर्यंत कैद आणि लाखोंच्या दंडाची तरतूद आहे. हे मला निघण्याच्या आदल्या रात्री अकराला कळलं. मग आईने जुन्या परकराचं कापड फाडून रात्री एकपर्यंत मशीनवर थैल्या शिवल्या आणि माझ्यावर चिडत राहिली. लाडू स्टीलच्या डब्यात गेले. तुम्ही हे आठवडाभर आधीच करा. प्लगचा अ‍ॅडॅप्टर घ्या, तिथे चौकोनी तीन पिनांचे सॉकेट असतात. नैरोबीसाठी स्वेटर हवाच. विषुववृत्ताजवळ म्हणून मी सुती कपडेच नेले आणि पहाटे विमानतळाबाहेर कुडकुडत उभी राहिले. शहर सतराशे मीटरहून उंचावर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर.

उतरल्या उतरल्या सिमकार्ड घ्या, पासपोर्ट दाखवून मिळतं. त्यावरच एम-पेसा सुरू करून घ्या. आपलं यूपीआय 2016 चं, त्यांचं एम-पेसा 2007 पासून चालू आहे आणि साध्या बटणाच्या फोनवरही चालतं. खेड्यात केळी विकणारी आजीसुद्धा त्यावरच पैसे घेते. "भारतात फोनवरून पैसे देतात" असं मी मोठ्या ऐटीत सांगायला गेले. नंतर जीभ चावली.

एक फजिती सांगतेच. विमानात मी स्वाहिली आकडे पाठ केले होते. नैरोबीत बसच्या माणसाने किसुमूची गाडी "सा म्बिली" सांगितली. म्बिली म्हणजे दोन, म्हणून मी आरामात जेवून दुपारी दीडला हजर. गाडी सकाळी आठलाच गेलेली. स्वाहिलीत तास दिवस उजाडल्यापासून मोजतात. आपल्या सातला त्यांचा एक, आठला दोन. पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात की, पण ते मला तेव्हा कुठलं सुचायला! वेळ इंग्रजीतून सांगितली तर घड्याळाप्रमाणेच असते, स्वाहिलीतून सांगितली तर सहाचा फरक धरा. नुसते आकडे पाठ करून जाणाऱ्यांचीच फसगत होते.

बाकी भाषा फार परकी वाटणार नाही. चाय, चपाती आहेच. गाडीला गारी, साबणाला साबुनी, हिशेबाला हेसाबु. आणि दुकानाला दुका. हा शब्द तुम्हाला वारंवार ऐकू येईल, कारण तुम्हाला पाहून लोक पहिलं हेच विचारतील: कुठल्या दुकानाच्या? मोंबासापासून किसुमूपर्यंतची रेल्वे 1896 ते 1901 मध्ये बांधली गेली, तीही मुख्यतः हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांच्या हातांनी. तिच्या मागोमाग गुजराती दुकानदार गावोगाव पोचले. किसुमूत देवळं आहेत, गुरुद्वारा आहे. त्यामुळे गोऱ्या स्वयंसेवकांभोवती पोरं जमतात तशी तुमच्याभोवती जमणार नाहीत. तुम्ही "म्हिंदी", म्हणजे भारतीय, त्यांच्या लेखी गल्ल्यावर बसणारी शेठाणी. त्यात कुठे कुठे जुना राग असतो, कुठे उधारीची ओळख. माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेने पहिल्या दिवशी शांतपणे विचारलं, "तू पगार न घेता काम करणार? म्हिंदी?" आणि पोट धरून हसली. मला लागलं ते, पण तिचा हिशेब बरोबर होता. नंतर तीच माझी मैत्रीण झाली. फुकट कामाचं कौतुक व्हावं अशी अपेक्षा घेऊन जाणार असाल, तर भारतीय म्हणून ते जरा कमीच मिळेल. बरंच आहे एका अर्थी.

आता पहिला आठवडा. मी वीस दिवसांची पाठटाचणं करून नेली होती. मुख्याध्यापकांनी ती चाळली, चांगली आहेत म्हणाले आणि मला चार दिवस शेवटच्या बाकावर बसवलं. तेव्हा फार राग आला. एवढ्या लांबून आले ते पोरांच्या पाठी बघायला? पण तिथे बसल्यावर दिसलं की ही मुलं घरी लुओ बोलतात, बाजारात स्वाहिली आणि वरच्या वर्गांत गणित शिकतात इंग्रजीतून. शाब्दिक उदाहरण चुकलं की मी "याला भागाकार येत नाही" असं वहीत लिहीत होते. भागाकार येत होता, वाक्य कळत नव्हतं. परळला माझ्या वर्गात भोजपुरी बोलणारी पोरं आहेत, त्यांच्याबद्दलही मी वर्षानुवर्षं तसंच लिहीत आले असणार. वीसपैकी एकही टाचण मी वापरलं नाही. पावकी-निमकी शिकवायचा मोह झाला होता, तोही आवरला.

तेव्हा शाळेने "आधी बसा, बघा" म्हटलं तर बसा. उलट पहिल्याच दिवशी वर्ग तुमच्या हाती देऊन कोणी निघून गेलं तर सावध व्हा. तिथल्या शिक्षकाची जागा तुमच्याकडून फुकटात भरून घेतायत का, हे विचारायला लाजू नका. आणि तारखा ठरवताना सुट्ट्या बघा. तिथे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, एप्रिल, ऑगस्ट आणि वर्षअखेरीला सुट्टी असते. बंद शाळेच्या अंगणात बसून राहिलेले स्वयंसेवकही मी पाहिलेत.

घरकामाचं एवढंच. मी चाळीत वाढलेली, त्यामुळे पाण्याचं मला कोणी शिकवायला नको असं वाटायचं. वीस लिटरचा पिवळा कॅन बोअरपासून घरापर्यंत आणताना तीनदा टेकवला. यजमानांच्या बारा वर्षांच्या मुलीने दोन फेऱ्या केल्या आणि तिसऱ्या फेरीला माझाही उचलला.

राहिलं जेवण. रोज उगाली, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हाताने गोळा करून, अंगठ्याने खळगा पाडून खायची. सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी असते. शब्दशः अर्थ "आठवडा ढकल", स्वस्त म्हणून. वर घेवडा, चवळी, कधी चपाती. शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही, कंटाळेल मात्र नक्की. मी मासे खाणारी. पहिल्या संध्याकाळी ओमेना नावाची सरोवरातली बारीक सुकी मासळी शिजत होती, तिचा वास आला आणि आमच्या जिन्यावर सुकटीचं कालवण व्हायचं ते आठवून डोळ्यांत पाणी आलं. तुमचं तसं व्हायचं नाही, तुम्हाला तो वास सोसावा लागेल. खिडकीजवळची खाट मागून घ्या. आणि मेतकूट दुप्पट न्या, उगालीवर तूप-मेतकूट फर्मास लागतं. यजमानांच्या म्हातारीने माझं अर्धं संपवलं होतं.